भाजली की तंबाखू मरते

सासरी येऊन मला अकरा दिवस झाले होते, तेव्हा मी अख्ख्या वाडीचं पिण्याचं पाणी बंद केलं.

हेतू चांगला होता. (हे वाक्य मी गेली साठ वर्षं म्हणते आहे. अजून कुणी मान डोलावलेली नाही.)

माझं माहेर महाडचं, बाजारपेठेतलं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. लाल औषधाच्या बाटलीवर डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायचं काम लहानपणी माझ्याकडे असे, त्यामुळे मी स्वतःला निम्मी डॉक्टर समजत असे. सातवी पास झाले आणि उरलेली निम्मीही समजायला लागले! अशा या दीडशहाण्या मुलीचं लग्न झालं ते पोलादपूरच्या पुढे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, तेरा घरांच्या एका वाडीत. नवरा प्राथमिक शाळेत मास्तर. घरात सासूबाई, मामंजी आणि दहा वर्षांची नणंद, शेवंता. पन्नासचं दशक संपत आलं होतं आणि महिना चैत्राचा होता.

पहिल्याच सकाळी मी पडवीत आले, तर मला वाटलं घरात कुणीतरी गेलं! सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या. शेजारी तानूकाकी, म्हणजे माझ्या चुलतसासूबाई, पलीकडच्या घरातल्या. दोघींची बोटं तोंडात, दोघींची नजर समोरच्या डोंगरात कुठेतरी हरवलेली. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही. मधूनच अंगणात एक काळी पिचकारी. आणि त्या दोघींच्या मधोमध, तसंच बोट तोंडात घालून, तसेच डोळे अर्धे मिटून, शेवंता!

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"मशेरी," ती बोटाच्या आडून म्हणाली.

मशेरी म्हणजे काय, हे ज्यांना नशिबाने ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून पूड करायची आणि दातांना लावायची. नाव दात घासण्याचं. पण दात घासायला माणसाला वेळ तरी किती लागतो? आमच्या पडवीतलं घासणं अर्धा-अर्धा तास चाले, आणि दिवसातून चारदा चाले. तेवढ्यात हत्तीचे सुळे घासून झाले असते!

"कधीपासून लावतेस?"

"दुधाचं दात हलाया लागलं तवापासून. आयनं लावली. दुखायचं राहतं, वयनी."

"आणि नाही लावली तर?"

शेवंताने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "नाय लावली तर परसाकडं होत नाय. डोकं उठतं. मंग शाळंत कशी जाऊ?"

पोरगी दहा वर्षांची, पण दिसायला सातची. हातापायांच्या काड्या. ताटात अर्धी भाकरी वाढली तर त्यातली अर्धी मांजराला. हिरड्या अशा खाली सरकलेल्या, की पुढचे दात पायजमा आखूड झालेल्या मुलासारखे दिसत. विहिरीवरून धावत आली की छाती धरून पायरीवर बसे. "काय होतंय?" विचारलं तर म्हणे, "कोंबडीचं पिलू फडफडतंय आत." आणि घरातले हसत! मला हसू आलं नाही. मला जो राग आला, तो आजही हे लिहिताना हाताला जाणवतो आहे.

तो राग मी पहिल्यांदा नवऱ्यावर काढला. (सगळ्यात जवळ तेच होते.)

"अहो, तुम्ही शाळेत मुलांना आरोग्याचा धडा शिकवता ना? तंबाखू हे विष आहे, असं पोरांकडून घोकून घेता ना?"

"घेतो की," हे म्हणाले. "शेवंताच सगळ्यात मोठ्यानं म्हणते." (म्हणणारच! मशेरी लावून आलेली, तरतरी कुणाला असणार?)

"मग घरी का नाही सांगत?"

"अगं, शाळेत पुस्तक आहे," हे आवाज उतरवून म्हणाले. "घरी आई आहे."

मामंजींनी मात्र माझी बाजू उचलून धरली. तोंडातली विडी काढून ते म्हणाले, "सूनबाय बोलते त्ये खरं हाय. बायकांची ही लय घाणेरडी खोड. मी तर बोट लावत नाय!" आणि त्यांनी संपत आलेल्या विडीवर दुसरी पेटवली.

राहता राहिल्या सासूबाई. मी पदर सारखा केला आणि थेट त्यांच्यापुढे जाऊन बसले.

"आई, एवढ्याशा पोरीला तंबाखू देणं बरं नाही."

"तंबाकू?" सासूबाईंना धक्काच बसला. "तंबाकू कोण देतंय? तंबाकू बापय खातात. आमी मशेरी लावतो."

"पण मशेरी कशाची करता?"

"तंबाकूची."

"मग?"

"मंग भाजतो ना गो ती! भाजली की तंबाकू मरते. मंग तिच्यात काय उरत नाय."

बोकड कापला की मटणात काही उरत नाही, म्हणण्यासारखं होतं हे. पण तानूकाकींनी मान डोलावली, शेवंताने डोलावली, आणि (हे सांगायला लाज वाटते) पडवीच्या दाराआडून आमच्या मास्तरांचीही मान हलताना मला दिसली.

अकराव्या दिवशी मशेरी भाजायची होती. हा आमच्याकडे सणच! अंगणात तीन दगडांची चूल, वर मोठा तवा, त्यावर पसाभर पानं. धूर असा की तेराच्या तेरा घरं खोकत होती. तानूकाकी भाजत होत्या, सासूबाई कुटत होत्या. आणि चव घ्यायला कोण? शेवंता! घाणा उतरला की तिला हाक. ती चिमूटभर पूड हिरडीला लावी, डोळे मिटे आणि निकाल देई. "आजून जरा भाजा." "ही बराबर हाय." "हिला जोर नाय." साऱ्या वाडीत तिच्या जिभेचं कौतुक होतं. दहा वर्षांच्या पोरीचं!

मी चुलीशी भाकऱ्या थापत होते आणि मनात मोजत होते. एक चिमूट, दोन चिमटी, पाच, सहा. सातव्या घाण्याला तिचा निकाल आला नाही. मी बाहेर आले तर पोरगी पांढरी फटक पडलेली. कपाळावर घामाचे थेंब, ओठ निळसर. ती उठायला गेली, दोन पावलं टाकली, भडाभडा ओकली आणि तिथेच बसकण मारली. मी धावत जाऊन तिला धरलं. अंग बर्फासारखं गार, आणि छातीतलं ते कोंबडीचं पिलू आता माझ्या हातालाच फडफडत होतं.

"आई, बघा काय झालंय हिला!"

सासूबाई घाबरल्या. खरंच घाबरल्या. लेक त्यांची होती. त्यांनी कुटायचं टाकलं, पत्र्याचा भरलेला डबा उचलून आणला आणि रडवेल्या होऊन म्हणाल्या, "उपाशी पोटी लागली आसंल. थांब, जराशी मशेरी लावते, बरं वाटंल पोरीला!"

त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही, पण बघणारे तेवीस जण होते, त्यांना आठवतं. मी म्हणे वाघिणीसारखी ओरडले, सासूबाईंच्या हातातला डबा हिसकावला आणि गरकन वळून भिरकावून दिला. भिरकावला होता उकिरड्याच्या दिशेने. पण उकिरडा डावीकडे होता, आणि मी जन्मात कधी नेम धरून दगड मारलेला नव्हता. (महाडला कैऱ्या पाडायला मी जायची, पण पडलेल्या गोळा करायला.) डबा उजवीकडे गेला, अंगणाच्या दगडी गडग्यावरून पलीकडे गेला, हवेतच त्याचं झाकण उडालं आणि क्षणभराने खालून आवाज आला.

डुबुक!

आमची विहीर. वाडीची एकुलती एक!

चैत्रातली विहीर म्हणजे तळाशी पुरुषभर पाणी. पाऊस पडायला दोन महिने. मी कठड्यावरून वाकून पाहिलं. पाण्यावर काळसर तपकिरी साय पसरत चालली होती, संथपणे, या काठापासून त्या काठापर्यंत. महिन्याभराची बेगमी होती ती!

आणि मागून शेवंताचा बारीक आवाज आला, "वयनी, पानी."

आता बोला! जिच्यासाठी एवढं रणकंदन केलं, तिला द्यायला घरात अर्धी कळशी पाणी. त्या पाण्यातून मी तिला चुळा भरायला लावल्या, कुशीवर निजवलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं, घोट घोट पाणी पाजलं. अण्णांच्या दवाखान्यात पाहिलेलं जेवढं आठवलं तेवढं केलं. मग दुसरी कळशी काखेत मारली आणि खाली ओढ्यापर्यंत ऊर फुटेस्तोवर धावत सुटले. परत येईतो पोरीच्या गालावर थोडा रंग आला होता. ती मला म्हणाली, "सातवा घाणा कच्चा होता." जरा बरं वाटल्यावरचे पहिले शब्द हे!

तोवर विहिरीवर सगळी वाडी जमली होती. बायकांच्या डोक्यावर रिकाम्या कळश्या, पुरुषांच्या कमरेवर हात. तानूकाकी सगळ्यांच्या पुढे.

"काय केलंस गो पोरी? पानी नासवलंस!"

"वाडीला इख पाजतेस काय?" मागून एक म्हातारा ओरडला.

खरं म्हणजे मी त्या वेळी पाया पडायला हवं होतं. नवी नवरी, हातातला चुडा अजून नवाकोरा. पण मी धापा टाकत होते, पदर खांद्यावरून घसरलेला होता आणि डोकं तव्यासारखं तापलेलं होतं.

"विष?" मी म्हणाले. "कसलं विष? मशेरी तर आहे! भाजलेली आहे! भाजली की तंबाखू मरते ना, काकी? मग घ्या ना ओंजळभर पाणी. प्या! तुम्ही प्या, आई, तुम्ही प्या! पोरींना पाजा! तोंडात घालता ना त्यांच्या? मग पाण्यातून का नको?"

कुणी ओंजळ पुढे केली नाही. तानूकाकींनी एकदा विहिरीत पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय होता.

पाव घटका टिकला. मग मामंजी म्हणाले, "त्ये समदं खरं. पर आता हीर उपसायची कुनी?"

वाडीतल्या बाप्यांनी पेरणीआधी शेतात राब भाजायची कामं टाकून दोन दिवस विहीर उपसली. दर पोहऱ्यागणिक एक शिवी, आणि सगळ्या माझ्या नावाने! तळातला झरा चैत्रात करंगळीएवढा. विहीर पुन्हा पिण्याजोगी व्हायला आठवडा लागला. तोवर सगळ्या बायका ओढ्यावर, आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा जास्त खेपा मला. शिक्षा म्हणून कुणी सुनावलं नव्हतं. फक्त पहाटे दारापुढे बारा घरांच्या बारा कळश्या येऊन उभ्या राहत!

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच होता. घरातली मशेरी संपली; तानूकाकींचीही त्याच डब्यात होती. पोलादपूरचा बाजार चार दिवसांवर. आणि उसनी मागावी, तर विहीर नासवणाऱ्या घराला चिमूट कोण देणार? सासूबाई, तानूकाकी आणि शेवंता, तिघी पडवीत रिकाम्या बोटांनी बसल्या. मी मनातल्या मनात म्हटलं, बरी अद्दल घडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे परसात दात घासायला बसले. माझं मंजन आईने लग्नात पितळेच्या डबीत भरून दिलं होतं. घरी केलेलं. लवंग, सुंठ, तुरटी आणि "पानांची पूड". सात वर्षांची असल्यापासून मी तेच वापरत होते. सकाळी, जेवल्यावर आणि झोपताना. आई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे, "आमची मुलगी दातांना फार जपते हो!"

शेवंता माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली. तिने नाक वर केलं. एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं.

"वयनी, तुमच्यात पन मशेरी लावत्यात?"

"मशेरी नाही ती. मंजन आहे."

"वास मशेरीचा हाय."

"मंजन आहे म्हटलं ना!"

वाडीतली नावाजलेली जीभ ती! तिने चटकन बोट बुडवून हिरडीवर फिरवलं, डोळे मिटले आणि निकाल दिला. "मशेरीच हाय. लवंग घातलीया, म्हनून कळत नाय." मग हाक मारून तानूकाकींना बोलावलं. काकींनी चिमूट लावली. हळूहळू त्यांचे खांदे सैल झाले, कपाळावरची आठी गेली.

"म्हाडची हाय, पर कडक हाय गो," त्या कृतज्ञतेने म्हणाल्या.

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. त्या हसल्या नाहीत, टोमणा मारला नाही. त्यांनी फक्त तळहात पुढे केला.

त्या तळहाताकडे बघून मला असा संताप आला, की सांगता सोय नाही! मी डबी उचलली आणि भिरकावली. या वेळी नेम बरोबर बसला. उकिरड्याच्या मधोमध!

"मंजन आहे ते," मी म्हणाले. "आणि मला त्याची काही गरज नाही. आजपासून राखुंडीनं घासेन. बघाच तुम्ही!"

त्यांनी बघितलं. सगळ्या वाडीने बघितलं.

दुपारपर्यंत माझं डोकं ठणकायला लागलं. संध्याकाळी मी आमटीचं पातेलं आपटलं, कारण ते पातेल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी एका कोंबडीशी भांडले. (चूक तिचीच होती. ती माझ्याकडे तिरकी बघत होती.) मास्तरांनी जेवताना विचारलं, "मीठ आहे का गं?" त्यावर मी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग रडत बसले. तिकडे सासूबाईंचं तसंच. त्या जात्याला शिव्या देत, मी पाट्याला. शेवंता खांबाला डोकं टेकून कण्हत असे. मामंजी भाकरी फडक्यात बांधून पहाटेच रानात पळायला लागले. हे रविवारीसुद्धा शाळेत जाऊन बसले, आणि एकटेच! आणखी एक अडचण होती, ती परसाकडची. तिच्याबद्दल चारचौघांत बोलत नाहीत. एवढंच सांगते, की शेवंताचं म्हणणं शब्दशः खरं होतं.

तिसऱ्या दिवशी चुलीपुढे मला गरगरलं. मळमळून आलं म्हणून तोंडावर पदर धरून बाहेर आले आणि अंगणात मटकन खाली बसले. नेमक्या तिथून तानूकाकी चालल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, गालाला हात लावला आणि मी "नाही, नाही" म्हणेपर्यंत चार घरांत बातमी पोहोचलीसुद्धा!

ज्या बायका तीन दिवस माझं तोंड बघत नव्हत्या, त्या अंगणात हजर. कुणी चिंचेचा गोळा आणला, कुणी कैरी. सासूबाईंचा चेहराही पाझरला. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या बोटं मोजायला लागल्या. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, परत पहिल्या हातावर आल्या आणि थांबल्या.

"चौदा," त्या म्हणाल्या. "लगीन हून चौदा दीस."

अंगण गार पडलं. चिंचेचा गोळा पुढे केलेला हात हळूच मागे गेला. एक बाई दुसरीच्या कानाला लागली. शाळेतून नुकतेच आलेले मास्तर कुंपणाशी उभे होते. त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. ते बिचारे गणिताचेही मास्तर होते!

माझी अब्रू जायची वेळ आली होती. ती वाचवायला माझ्याकडे एकच खरी गोष्ट होती. मी उठून उभी राहिले आणि तेरा घरांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मला दिवसबिवस काही गेलेले नाहीत! मला मशेरी पाहिजे!"

हसण्याचा असा स्फोट झाला, की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली. तानूकाकी तर खालीच बसल्या. शेवंता हसता हसता रडायला लागली, आणि सासूबाईंनी, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, माझ्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या मोटारीने आम्ही तिघी महाडला गेलो. सासूबाई आपण होऊन आल्या. शेवंताला ओढ्यावरून चढ चढवेना, हे त्यांनीही आता पाहिलं होतं. अण्णांच्या डॉक्टरांनी तिची छाती नळीने तपासली, हिरड्या पाहिल्या, वजन केलं. मग माझं तोंड उघडायला लावलं. मग सासूबाईंचं.

"मंजन म्हणा, मशेरी म्हणा," डॉक्टर म्हणाले, "तिघींच्या तोंडात एकच तंबाखू आहे. तोंडातून रक्तात जाते ती. भूक मारते, छाती धडधडवते, आणि लहान पोराला तिची चटक अशी लागते, की पुढे जन्मभर सुटत नाही. भाजल्यानं तंबाखू मरत नाही, आजी. तीच माणसाला मारते."

घरी जाऊन मी आईवर तुटून पडले. "तू मला तंबाखू लावलीस? सात वर्षांची होते मी!"

आईने पोळपाट बाजूला ठेवला. "तुझी दाढ दुखत होती," ती म्हणाली. "चार दिवस पाणीसुद्धा पीत नव्हतीस. शेजारणीनं सांगितलं, लावून बघ. लावली, आणि तू हसलीस. मग कशी थांबवू मी?"

अण्णा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. गावाला औषधं वाटणारा माणूस! त्यांना ठाऊक होतं. बायकांच्या मंजनात पुरुषांनी काय लक्ष घालायचं, असं त्यांना वाटत आलं होतं.

मला ओरडायचं होतं, पण ओरडायला समोर शत्रूच नव्हता. माझ्या आईने प्रेमानेच लावली, सासूबाईंनी लेकीला प्रेमानेच लावली, आणि त्यांना त्यांच्या आयांनी. कुणी दावा साधून पोरींच्या तोंडात तंबाखू घातली असती, तर निदान भांडता तरी आलं असतं! याचाच मला जास्त राग येतो. पोरगी रडली की तिची दाढ कुणी बघायची नाही, तिला बधिर करून टाकायचं. आणि त्या वस्तूला नाव असं गोजिरवाणं ठेवायचं, की विष म्हणून पुस्तकात घोकणाऱ्या पोरीलाही ती ओळखू येऊ नये.

शेवंताने आणि मी दोघींनी मिळून मशेरी सोडली. परतीच्या मोटारीतच ठरवलं. आंब्याच्या पानाने दात घासायचे, तलफ आली की भाजलेले चिंचोके चघळायचे आणि एकमेकींवर पाळत ठेवायची. मला वाटलं, लहान पोर आहे, हिला सांभाळावं लागेल. पहिल्या महिन्यात मी तिला एकदा पकडलं. तिने मला तीनदा पकडलं. (एकदा तर मी गोठ्यात, म्हशीच्या आडोशाला होते. म्हैस हलली!) तिसऱ्या वेळी पोरगी ओरडली नाही. फक्त म्हणाली, "वयनी, तुमी लावली तर मी पन लावनार." त्यानंतर मी बोट लावलं नाही.

पावसाळा सरेस्तोवर शेवंता दीड भाकरी खायला लागली. मांजर रोडावलं. पुढे ती महाडला शिकली, नर्स झाली, आणि आज तिचे पुढचे चार दात सोडले तर सगळे शाबूत आहेत. सासूबाईंनी मात्र सोडली नाही. "माजं आता काय ऱ्हायलंय?" म्हणत. पण त्या दिवसानंतर घरातल्या एकाही पोरीच्या तोंडाला त्यांनी मशेरी लावू दिली नाही. स्वतः लावायच्या तेव्हा भिंतीकडे तोंड करून बसत.

तानूकाकी काही वर्षांनी गेल्या. गालाच्या आत पांढरा चट्टा आला, मग फोड झाला, मग तोंड उघडेना. शेवटी त्यांना पेज भरवायला मी जात असे. अंगणात खाली बसून हसणारी ती बाई चमच्याएवढंही तोंड उघडू शकत नव्हती. हे मी विनोदी लिहू शकत नाही, आणि लिहिणारही नाही.

आता आमच्या पोलादपूरच्या टपरीवर चकचकीत पुड्या टांगलेल्या असतात, आणि शाळेतली पोरं त्या फाडून तोंडात टाकतात. मी दिसले की पोरं पळतात. टपरीवालाही आत जाऊन लपतो, कारण माझ्या हातात काठी असते आणि आता नेमही बरा बसतो.

परवा शेवंता आली होती. चहा पिता पिता मी तिला विचारलं, "काय गं, मशेरी सुटल्यावर माणसाची चिडचिड साधारण किती दिवस टिकते?"

"माझी महिनाभरात गेली होती, वहिनी," ती म्हणाली.

आतल्या खोलीत हे आरामखुर्चीत पेपर वाचत होते. नव्वदीला आलेत. ऐकू कमी येतं, पण नको ते बरोबर येतं.

"शेवंते," आतून आवाज आला, "हिची जायला किती दिवस लागतील, तेवढं त्या डॉक्टरांना विचारायचं राहूनच गेलं बघ!"